लाल दोऱ्याची बाटली

काशम्मा खोटं बोलली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या दिवशी सांगायला पाहिजे होतं त्या दिवशी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. आता मी रिटायर माणूस, माझं कोण काय वाकडं करणार. तेव्हा नोकरी नवी होती, अंगात मस्ती होती, आणि जीभ नको तिथे चालायची, पाहिजे तिथे टाळ्याला चिकटायची.

साल १९७४. सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होतो. आमचे साहेब डॉ. बिराजदार. आणि काशम्मा काचसामान धुणारी, रोजंदारीवर. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातली बाई, घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी सोलापुरी मराठी. नवरा नरसय्या वर्षापूर्वी वारला होता, पदरात दोन मुली. सहा वर्षं ती कायम होण्याची वाट बघत होती, आणि त्या फेब्रुवारीत रोजंदारीवाल्यांची यादी वर जाणार होती. साहेबांनी तिचं नाव पहिलं लिहिलं होतं. ती यादी म्हणजे काशम्माचा जीव होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचं धुणं बघायला लोक यायचे असं म्हटलं तर तुम्हाला थट्टा वाटेल, पण एकदा पुण्याचे दोन डॉक्टर खरंच बघत उभे राहिले होते. बाटली दहा पाण्यांतून काढायची आणि खिडकीच्या उजेडाकडे धरायची. आतल्या काचेवर पाणी एकसारखं पसरलं तर ठीक. कुठे एक थेंब धरून राहिला तर तिथे तेलकट आहे किंवा साबण राहिलाय, बाटली परत हौदात. साबणाचा अंश राहिला तर जिवंत पेशी मरतात, एवढं साहेबांनी तिला एकदाच सांगितलं होतं. मी म्हणायचो, "काशम्मा, बास की, काच झिजंल." ती म्हणायची, "झिजू द्या. पेशी मेल्या तर वरडा मलाच बसतोय, तुमाला न्हाय."

तिला अक्षर येत नव्हतं. इंग्रजी सोडा, मराठीही नाही. म्हणून ती घरून रंगीत सुताचे तुकडे आणायची आणि बाटल्यांच्या गळ्याला बांधायची. साहेबांना आधी ते गावठी वाटलं. पण आमची कागदी लेबलं पाण्यात सुटायची आणि काशम्माची गाठ सुटायची नाही. मग साहेबच मला म्हणायला लागले, चन्नवीर, लाल दोरा आण, निळा दोरा आण.

आता प्रयोग काय होता ते सांगतो. घाबरू नका, मलाही तो सहा महिन्यांनीच कळला होता. उंदराला मेंढीचं रक्त टोचलं की त्याचं शरीर त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. चौथ्या दिवशी हे काम ऐन भरात असतं. त्या दिवशी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी काढायच्या, बाटलीत खुराक घालून उबेत जिवंत ठेवायच्या. मग मेंढीचं रक्त मिसळलेल्या काचेच्या थाळीवर त्या पसरायच्या. जी पेशी प्रतिपिंडं करते आहे तिच्या भोवतालचं रक्त विरघळतं आणि लाल थाळीत स्वच्छ ठिपका उमटतो. ठिपके मोजले की कामावर किती पेशी आहेत ते कळलं.

साहेबांना बघायचं होतं ते वेगळंच. पेशीच्या पोटात मूळ नोंद असते, तिची नक्कल निघते, ती आरएनए. त्या नकलेवरून प्रथिन बनतं, आणि प्रतिपिंड हे प्रथिनच. साहेबांनी मुंबईच्या मित्राकडून दोन औषधं मिळवली होती. एक नक्कल काढणं बंद पाडतं, ते लाल दोऱ्याचं. दुसरं प्रथिन बनवणंच बंद पाडतं, ते निळ्या दोऱ्याचं. पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत काहीच टाकायचं नाही. साहेबांचं पुस्तकी ज्ञान सांगत होतं की नक्कल दोन-चार मिनिटांत विरते, जीवाणूंमध्ये तसंच होतं. म्हणजे लाल काय, निळं काय, दोन्हींनी ठिपके जायलाच पाहिजेत. लाल औषधाची एकच कुपी होती, अंगठ्याएवढी. दुसरी मिळायची म्हणजे परत कुणाचे तरी पाय धरणं आलं.

तो रविवार होता, जानेवारीचा शेवटचा. साहेबांनी सकाळी पेशी काढल्या, तिन्ही बाटल्या भरल्या आणि मला म्हणाले, "बाराला औषधं टाक, दहा-दहा थेंब. चारला थाळ्यांवर पसर. मी अक्कलकोटला जाऊन येतो, उद्या मोजू." मी मान हलवली. आणि साहेबांची पाठ वळली तसा मी मंगळवेढ्याची एसटी धरली.

कशाला म्हणाल तर हुरड्याला. मामांच्या रानात ज्वारी ऐन हुरड्यात आली होती, निरोप आला होता, आणि कोवळी कणसं काय माझ्यासाठी थांबणार होती. मंगळवेढ्याचा हुरडा, वर शेंगाची चटणी, आणि इकडे एक मूर्ख बाटलीत दहा थेंब टाकायला बसलाय, हे मला पटेना. काशम्माला म्हटलं, "बाराचा भोंगा झाला की लाल कुपीतले दहा थेंब लाल दोऱ्यात, निळीतले दहा निळ्यात. पांढऱ्याला हात लावू नको. चारच्या आत मी आलोच." ती म्हणाली, "सायबांनी तुमाला सांगितलंय न्हवं?" मी म्हटलं, "मी तुला सांगतोय न्हवं?" तिने पुढे विचारलं नाही. सव्वातीनला मी परत आलो, दाढीला राख, खिशात हुरडा. थाळ्या पसरल्या. काशम्माला मूठभर हुरडा दिला आणि आपण फार मोठं मन दाखवलं असं मला वाटलं.

सोमवारी सकाळी साहेबांनी थाळ्या उजेडावर धरल्या. पांढऱ्या दोऱ्याचे ठिपके एकशे बारा. निळ्याचे नऊ. साहेब खूश. मग लाल. ते मोजता मोजता थांबले, परत पहिल्यापासून मोजले, मला मोजायला दिले. एकशे चार.

औषधानं काडीचा फरक पडला नव्हता. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"चन्नवीर, लाल बाटलीत औषध टाकलं होतंस?"

इथे मी काय बोलायचं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी म्हणालो, "सर, मी सगळं काढून ठेवलं होतं. मधल्या वेळात बाटल्यांपाशी काशम्मा होती." शब्द एकही खोटा नाही बघा. वड्याचं तेल वांग्यावर काढायची कला माझ्याकडे जन्मजात असणार.

साहेबांनी तिला बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली.

"तू बाटल्यांना हात लावलास?"

"लावला सायेब. औषध मीच टाकलं. लालमधी दहा, निळ्यामधी दहा."

साहेब हादरले. त्यांना वाटलं होतं ती नाही म्हणेल. "तू टाकलंस? तुला कुणी..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी थाळी तिच्यापुढे केली. "निळ्यात टाकलंस ते दिसतंय. लालमध्ये टाकलं असतंस तर हे ठिपके राहिले असते का?"

"टाकलं सायेब. मोजून टाकलं."

"मोजून म्हणजे कसं?"

तिने बोटांवर मोजून दाखवायला सुरुवात केली. "ओकटि, रेंडु, मूडु..."

"पुरे," साहेब म्हणाले. त्यांनी कुपी उचलली. कुपीतलं औषध कमी झालं होतं. एवढा धडधडीत पुरावा होता हो, औषध बाटलीत गेल्याचा. पण साहेबांनी त्याचा अर्थ काढला की तिने ते सांडलं, आणि आता पांघरूण घालते आहे. "चूक झाली असं म्हणाली असतीस तर सोडलं असतं. खोटं बोललीस. उद्यापासून येऊ नको." आणि टेबलावरच्या यादीतलं पहिलं नाव त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत खोडलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. मी पिपेट पुसत होतो. ती पिपेट स्वच्छच होती. चन्नवीरनं सांगितलं म्हणून टाकलं, एवढे चार शब्द ती बोलली असती तर माझी गाठोडी बांधली गेली असती. ती बोलली नाही. हौदातल्या उरलेल्या बाटल्या धुतल्या, पालथ्या घातल्या आणि गेली. मला वाटलं, घाबरली असेल.

पुढचे तीन आठवडे साहेब कुणाशी धड बोलले नाहीत. मुंबईला पत्रं गेली, दुसरी कुपी मिळाली नाही. उरलेल्या औषधात एकच प्रयोग होणार होता. फेब्रुवारीच्या मध्यात नवे उंदीर टोचले आणि चौथ्या दिवशी साहेब स्वतः माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले. दहा थेंब मी माझ्या हाताने टाकले. साहेबांनी मोठ्याने मोजले. या वेळी लाल आणि पांढऱ्या बाटलीतल्या थोड्या पेशी दुसऱ्या दिवसासाठीही ठेवल्या. बाटल्या मीच धुतल्या होत्या, आणि त्यातल्या दोन उजेडाला धरल्यावर थेंब धरत होत्या म्हणून परत धुवाव्या लागल्या.

सकाळी थाळ्या काढल्या. पांढरा एकशे वीस. निळा अकरा. लाल एकशे तेरा.

यप्पा. साहेबांनी माझ्या हातातून थाळी काढून घेतली, मोजली, ठेवली, परत उचलली. मग खाली बसले. माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की काशम्मानं टाकलं होतं. लाल दोऱ्यात दहा थेंब पडले होते. मलाही खरं सांगायचं तर तोवर वाटत होतं की तिचीच काहीतरी गफलत झाली. माझ्या भ्याडपणाला मी तेवढाच टेकू दिला होता, आणि तो आता निघाला.

उरलेल्या पेशी मंगळवारी पसरल्या. बुधवारी मोजल्या तर पांढऱ्या थाळीत शंभराच्या आसपास, आणि लाल थाळीत चौदाच ठिपके. म्हणजे औषध कामाचं होतं, फक्त उशिरा. साहेब दोन दिवस जाडजूड पुस्तकांत डोकं घालून बसले आणि शुक्रवारी म्हणाले, "या पेशींतली नक्कल दोन मिनिटांत विरत नाही रे. आधी काढलेल्या नकला टिकून राहतात, आणि त्यांवरून प्रतिपिंडं बनत राहतात. म्हणून चार तासांनी फरक दिसत नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "ती बाई खरं बोलत होती. तिला घेऊन ये. यादी अजून माझ्या टेबलावर आहे, तिच्या डोळ्यांदेखत खोडलं, तिच्या डोळ्यांदेखतच परत लिहीन."

शनिवारी मी पूर्व भागात गेलो. तिच्या दिराच्या घरात पुढच्या खोलीत माग चालू होता आणि काशम्मा कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसली होती. मागाचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हटलं, साहेबांनी बोलावलंय, तू खरी निघालीस.

"कशी निगाली?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मी साहेबांचं ऐकलेलं तिला सांगितलं. लाल औषध नक्कल काढणं बंद करतं, पण आधीच्या नकला असतात, त्यावर काम चालू राहतं. निळं औषध कामच बंद पाडतं.

तिने मागाकडे हात केला. मागावर चादर चढत होती, काठाला मोर. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ एकेक पत्ता पुढे सरकत होती. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, नक्षी त्या भोकांवरून उतरते.

"ह्ये पत्ते नरसय्यानं ठोकलेले हायती," ती म्हणाली. "माणूस जाऊन महिना झाला हुता. मी दिराला भाकरी द्यायला आले आन् बघते तर मागावर मोर उतरतोय. त्येचाच मोर, मान जरा वाकडी. माझ्या हातातलं ताट पडलं बगा. वाटलं, माणूस जाळला आपण, आन् ह्यो मोर कोण करतंय? मग दीर म्हणाला, अगं, ठोकणारा गेला, पत्ते हायती की. पत्ते फाटंपर्यंत मोर येनारच. आता माग बंद केला तर मग लगेच थांबंल." कांडी बदलत ती म्हणाली, "तुमचं लाल औषध ठोकणाऱ्याला मारतंय. निळं मागालाच धरतंय. सायबाला ह्ये कळाय महिना लागला व्हय?"

मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी राहिलं. दोन दिवस साहेब ज्या पुस्तकांत डोकं फोडत होते ते या बाईनं मागापाशी बसून दोन वाक्यांत सांगितलं होतं. आणि हिला आम्ही खोटारडी म्हणून काढलं होतं.

"चल की मग," मी म्हटलं.

"सायबाला तुमी सांगितलं का? तुमी त्या दिवशी मंगळवेढ्याला हुता त्ये?"

मी खाली पडलेली एक कांडी उचलून तिच्यापुढे ठेवली.

"मी का बोलले न्हाय ठाऊक हाय का? तुमी तितंच हुता. म्हटलं, चांगल्या घरचा माणूस हाय, आपलं आपण सांगंल. लई वाट बगितली मी." तिचा आवाज चढला नाही. "तुमी सांगा, मग येते. न्हायतर उद्या परत काय झालं की परत मीच."

सोमवारी साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, तिची तब्येत बरी नाही, येते म्हणाली. मंगळवारी परत विचारलं, परत तेच सांगितलं. साहेब आपला लेख लिहिण्यात बुडालेले होते, त्यांनी ऐकून घेतलं. रात्री झोप लागायची नाही आणि सकाळी धीर व्हायचा नाही. आज सांगू, उद्या सांगू. नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, हुरड्यासाठी गेला म्हणून हसतील. हसतील याचीच जास्त भीती होती, आता कबूल करायला काय जातं.

गुरुवारी साहेब लेखातलं एक पान मला दाखवत होते आणि मी मधेच बोललो. म्हटलं, "सर, काशम्मानं मनानं काही केलं नव्हतं. मी तिला सांगून गेलो होतो. मी मंगळवेढ्याला होतो."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते उभे राहिले, परत बसले. "मग मी तिला कशासाठी काढलं?" असं मलाच विचारलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त स्कूटरची किल्ली उचलली. ते पूर्व भागात गेले, मागाच्या आवाजात मोठ्याने काशम्माची माफी मागितली, आणि दुपारपर्यंत ती परत हौदावर उभी होती. मला मेमो मिळाला. तो मी अजून जपून ठेवलाय.

मग साहेबांनी टेबलावरची यादी शोधली. यादी नव्हती. आम्ही दोघं ऑफिसात धावलो. कारकून म्हणाला, मुदत अठ्ठावीसची, म्हणून शिपायानं साहेबांच्या टेबलावरून काल नेली, कालच टपालात गेली. खोडलेलं नाव खोडलेलंच गेलं. साहेबांनी पत्रं लिहिली, तार केली, स्वतः जाऊन आले. पुढची यादी निघेल तेव्हा बघू, असं उत्तर आलं. काशम्मा होती तोवर पुढची यादी निघाली नाही. अकरा वर्षं तिने रोजंदारीवरच बाटल्या धुतल्या.

पण ते पुढचं. त्या गुरुवारी संध्याकाळी तिला सांगायचं कुणी, तर साहेब म्हणाले, तू सांग. मी हौदापाशी गेलो आणि सांगितलं. तिने हातातली बाटली खाली ठेवली.

"यादी कधी गेली म्हणला?"

"काल. बुधवारी."

"आन् तुमी माझ्याकडं शनिवारी आला हुता."

"व्हय."

तिने ओला हात वर धरला आणि मधले दिवस बोटांवर मोजले. "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." या वेळी तिला पुरे म्हणणारं कुणी नव्हतं. चौथ्या बोटावर ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि ठेवलेली बाटली उचलून नळ सोडला.